मोडकी गाडी साहेबांना कशी दाखवायची?

नवी मोटरसायकल घेतलेल्या पुरुषाला विम्याचं काही सांगायचं असेल, तर तो गाडीवर बसलेला असताना सांगू नये. त्याला ऐकू येत नाही. तो आरशात स्वतःचे केस बघत असतो. त्याला आधी खाली उतरवावं, घरात न्यावं, आणि मग जे काही सांगायचं ते त्याच्या आईला नाहीतर बायकोला सांगावं. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि तिकडे अंधेरी-बोरीवलीला मी वर्षानुवर्षं वाहनांचे विमे विकले ते एवढ्या एका अकलेवर. बाकी परीक्षा वगैरे दिली होती, पण ती कुणी विचारली नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा विमा कंपन्या सगळ्या सरकारी आणि दर सगळीकडे सारखेच. म्हणजे माझ्याकडे विकायला स्वस्त-महाग असं काही नव्हतंच, होती ती फक्त जीभ. दुचाकीचा विमा दोन तऱ्हेचा. एकात तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर ते कंपनी बघणार, तुमच्या गाडीचं काय झालं ते तुम्ही आणि तुमचं नशीब. हा कायद्याने सक्तीचा. दुसऱ्यात दुसऱ्याचंही आणि तुमचंही: अपघात, चोरी, आग. पॉलिसीवर मोठमोठी इंग्रजी नावं असायची, पण गिऱ्हाइकं म्हणायची हाफ आणि फुल. चहा सांगावा तसं. "बाई, हाफच द्या. पोलिसाने अडवलं की दाखवायला कागद पाहिजे फक्त." पोलिसाला दाखवायचा ताईत, यापलीकडे विम्याचा उपयोग आहे हे पटवण्यात माझ्या चपला झिजल्या.

फुल घेणारेही काही कमी नव्हते. बोरीवलीचे एक कापड दुकानदार फुल विमा घ्यायचे आणि गाडीवर चादर घालून ती जिन्याखाली ठेवायचे. रविवारी चादर काढून पुसायची, परत घालायची. मी म्हटलं, "अहो, चालवा की कधीतरी." तर म्हणाले, "चालवली तर पडेल ना बेन."

आणि मुलुंडचे एक मास्तर. त्यांची स्कूटर स्टेशनबाहेरून पोलिसांनी ट्रकमध्ये घालून नेली, कारण मास्तरांनी ती बरोबर 'नो पार्किंग'च्या पाटीखाली लावली होती. दंड भरला, स्कूटर सोडवली आणि पावती घेऊन सरळ माझ्या टेबलाशी. "पॉलिसीत गाडी उचलून नेण्याचा खर्च मिळेल असं लिहिलंय. ही बघा उचलून नेल्याची पावती." मी सांगितलं, मास्तर, तो खर्च गाडी अपघातात मोडून पडली, जागची हलेना, तर तिला नेण्याचा. तेही जवळात जवळच्या गॅरेजपर्यंत. तुमची गाडी धडधाकट होती, फक्त अक्कल जागेवर नव्हती. हे शेवटचं मी मनात म्हटलं. मास्तर म्हणाले, "मग तसं स्पष्ट लिहायला हवं." ते मात्र त्यांचं खरं होतं. पॉलिसी लिहिणाऱ्याने ती कुणी वाचेल अशी आशाच सोडलेली असायची.

हे उचलून नेण्याचं कलम नीट ध्यानात ठेवा. ज्यांची हकीकत सांगायला बसले आहे त्या परबांनीही ते ध्यानात ठेवलं होतं, पण अर्धंच.

दत्ताराम परब भांडुपचे. चाळीत राहायचे. आधी गिरणीत होते, वडीलही गिरणीतच. गिरणी बंद पडल्यावर वर्षभर मिळेल ते केलं आणि मग एका मसालेवाल्या शेठकडे लागले. दुकानादुकानांतून मसाल्याची पाकिटं पोचवायची आणि वसुली आणायची. त्यासाठी जुनी मोटरसायकल घेतली. वसुलीचं काम म्हणजे सगळा विश्वासाचा मामला, हे शेठने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बायको बाळंतपणाला गावी गेलेली, घरात आई. मी गेले तेव्हा परबांनी नेहमीचंच सुरू केलं, "हाफ द्या, पोलिसापुरतं." मी आईंकडे वळले. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, मालवणच्या बाजूच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला एवढंच म्हणाल्या, "लोकांच्या गाडीचा पैसो भरतलंस आणि आपली मोडली तर रडतलंस? फुल घे." झाला फुल.

पुढे काही महिन्यांनी परबांना बोरीवलीला हायवेवर म्हैस आडवी आली. म्हशीला काही झालं नाही. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, असं परब नंतर बऱ्याच दुःखाने सांगत. त्यांचं कोपर सोललं. गाडीचा मात्र पुढचा फोर्क वाकला, मडगार्ड चाकात घुसलं, दिवा फुटला. कुणाला लागलं नाही म्हणून पोलीस नाहीत, पंचनामा नाही. आणि जिथे पडले तिथे, बरोबर रस्त्याच्या पलीकडे, करसनभाई नावाच्या माणसाचं गॅरेज. तो बिचारा धावत आला, गाडी उचलून आपल्या दारात नेली, पाणी दिलं, म्हणाला, "ठेवा इथे, दोन दिवसांत करून देतो."

परबांनी पाणी घेतलं आणि गाडी ठेवायला नकार दिला. का? तर अनोळखी माणसाच्या हातात गाडी कशी द्यायची. भांडुपला चाळीखालीच बबन होता ना. बबन म्हणजे परबांचा गाववाला, गिरणीत फिटर होता, आता गॅरेज टाकलेलं. गाववाला असताना दुसऱ्याकडे गाडी देणं म्हणजे मामा असताना भटजीला मुलगी शोधायला सांगण्यासारखं. परब बसने भांडुपला गेले, बबनला आणि एका टेम्पोला घेऊन परत बोरीवलीला आले. तोवर करसनभाई दारातल्या मोडक्या गाडीची राखण करत बसलेला. परबांनी गाडी टेम्पोत चढवली आणि त्याच्या डोळ्यांदेखत अख्ख्या उपनगराला वळसा घालून भांडुपला नेली. करसनभाईला किती राग आला असेल ते मला त्या वेळी कळायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परब माझ्यापुढे टेम्पोची पावती घेऊन हजर. "बाई, हे उचलून नेण्याचे मिळतात ना? तुम्हीच सांगितलेलं." मी कपाळाला हात लावला. "परब, जवळचं गॅरेज म्हणजे मनाला जवळचं नव्हे हो." पण गाडीचं नुकसान तर खरंच होतं, तो क्लेम व्हायलाच हवा. मी कागद केले आणि बजावलं, "कंपनीचे सर्वेअर पेंडसेसाहेब गाडी बघायला येतील. ते येईस्तोवर गाडीला हात लावायचा नाही. समजलं?" समजलं म्हणाले.

सर्वेअर म्हणजे मोडलेल्या गाडीचा डॉक्टरच, फक्त हा औषध देत नाही, किती मोडलं ते लिहून देतो. त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कंपनी पै देत नाही. पेंडसे त्यातले खवट. आवाज अगदी बारीक आणि संशय भला मोठा. माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही, पण त्यांनी लिहिलेलं कधी खोडता आलं नाही हेही सांगते.

ठरल्या दिवशी मी पेंडश्यांबरोबर चाळीत गेले आणि दारातच थबकले. अंगणात सडा. मध्ये पाट मांडावा तशी फळी टाकलेली आणि तिच्यावर परबांची मोटरसायकल. नवा फोर्क, नवं मडगार्ड, नवा दिवा. दिव्यावर कुंकू, हँडलला झेंडूचा हार. शेजारी बबन केसांना तेल लावून, भांग पाडून उभा. आई धुतलेलं लुगडं नेसून. परब इस्त्रीच्या शर्टात. चाळीतली निम्मी माणसं गॅलरीत.

पेंडश्यांनी विचारलं, "अपघात झालेली गाडी कुठे आहे?"

"हीच साहेब," परब म्हणाले.

पेंडसे गाडीभोवती एक चक्कर फिरले. वाकून खालून पाहिलं. "हिला काय झालंय?"

बबनची छाती फुगली. "काय्येक नाय साहेब. एक ओरखडा दाखवा तुम्ही. आहे काय कुठे?"

आता हे असं का झालं ते सांगते, कारण गिरणीतल्या माणसांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. परबांनी घरी सांगितलं, साहेब गाडी बघायला येणार आहेत. या घराने दोन पिढ्या साहेब राउंडला येताना पाहिलेले. साहेब येणार म्हणजे आदल्या दिवशी गिरणीतलं आपलं खातं धुवायचं, मशीन पुसून लखलखीत करायचं, मोडकंतोडकं काही समोर दिसता कामा नये. आई म्हणाल्या, "सायेब येतले आणि तेंका मोडकी गाडी दाखवतलंस? माका लाज वाटता." बबनला तर फिटरच्या नोकरीचे दिवस आठवले. त्याने रात्रंदिवस खपून गाडी उभी केली, आणि जुना फोर्क, मडगार्ड, काचा, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. साहेब यायच्या आधी खात्यात भंगार ठेवायचं नसतं ना. मी परबांना म्हटलं, "हात लावू नका म्हणून बजावलं होतं ना मी?" तर म्हणतात, "मी कुठे लावला बाई? बबनने लावला."

पेंडश्यांनी पेनाचं टोपण बंद केलं. "न झालेल्या अपघाताचा क्लेम मी आजवर पास केलेला नाही," ते त्या बारीक आवाजात म्हणाले, पण चाळीत तेव्हा एवढी शांतता होती की गॅलरीपर्यंत पोचलं. "पुढच्या सोमवारी परत येतो. मोडलेले पार्ट असतील तर दाखवा. नसतील तर मी खोटा क्लेम म्हणून लिहिणार."

ते गेले आणि चाळीला विषय मिळाला. पहिल्या मजल्यावरचे गावडे, ज्यांचं परबांशी पाण्याच्या नळावरून आधीपासून वाजलेलं, त्यांनी जाहीरच करून टाकलं, "कंपनीला टोपी घालायला निघाला होता, पकडला गेला." संध्याकाळपर्यंत नळावर तेच, किराणावाल्याकडे तेच. आणि किराणावाला मसाले घ्यायचा तो परबांच्याच शेठचे. गोष्ट शेठच्या कानावर जायला कितीसा वेळ? ज्याच्या हातात वसुली आहे तो माणूस खोटा क्लेम करतो, हे एकदा शेठने ऐकलं की परबांची नोकरी गेली. गिरणी गेल्यानंतर मोठ्या मुश्किलीने मिळालेली. क्लेमचे पैसे मिळोत न मिळोत, परबांना त्याचं फारसं पडलंच नव्हतं. "बाई, मी पडलो होतो हो खरंच," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत. सोललेलं कोपर दाखवत. मला माहीत होतं. पण कोपर कुणाचंही सोलतं.

भंगारवाल्याकडे आम्ही तिघं गेलो. त्याने माल कुर्ल्याला दिला होता. तिथे लोखंडाच्या डोंगरापुढे उभं राहून बबनने दोन-चार वाकडे फोर्क उचलून पाहिले आणि खाली ठेवले. मला पहिल्यांदाच त्याची दया आली. इतक्या प्रेमाने कुणी कुणाची वाट लावलेली मी तोवर पाहिली नव्हती.

रविवारी सकाळी मी चाळीत गेले, परबांना थोडा धीर द्यावा म्हणून. गॅरेजचं दार लोटलेलं. आत बबनच्या हातात हातोडा. आई स्टुलावर बसलेल्या. परब गाडीशी उभे.

"काय चाललंय हे?"

बबन म्हणाला, "बाई, सोपं आहे. होती तशी परत मोडतो. फोर्क वाकवतो, दिवा फोडतो. साहेबाला मोडलेली पाहिजे ना, मग घे म्हणावं."

"आणि परत दुरुस्त कोण करणार?"

"मीच. फुकट."

माझं डोकंच फिरलं. चांगलं तोंड सोडलं मी. पण खरं सांगायचं तर माझ्याकडेही दुसरा उपाय नव्हता, आणि हे बबनने ओळखलं होतं. आई मुलाकडे बघत म्हणाल्या, "मोड रे बाबा. तुझा नाव रवला पायजे." परबांनी बबनच्या हातातून हातोडा घेतला. उचलला. खूप वेळ तसाच धरून उभे राहिले. मग फळीवर ठेवून दिला.

"नाही जमत," ते म्हणाले. "आता मोडली तर गावडे बोलतो तेच खरं होईल ना."

आई उठून वर गेल्या. परब खाली बसून गाडीचं चाक पुसत राहिले, काही गरज नसताना. मी घरी आले आणि जेवण गेलं नाही. एवढ्या वर्षांत माणसांनी खोटे क्लेम रेटून पास करून घेतलेले मी पाहिले होते, आणि हा खरा माणूस उद्या खोटा ठरणार होता. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

सोमवारी पेंडसे आले. गॅलरी पुन्हा भरलेली. गावडे पुढच्या रांगेत. गाडी होती तशीच उभी, फक्त हार काढलेला. पेंडश्यांनी तिच्याभोवती पुन्हा एक चक्कर मारली, मडगार्डवरून बोट फिरवलं, वाकून फोर्क बघितला. "पार्ट?"

"नाहीत साहेब," परब म्हणाले. "भंगारात गेले. काही पुरावा नाही माझ्याकडे."

पेंडसे काही म्हणायच्या आत आई पुढे आल्या. मी त्यांच्या पदराला हात घालेपर्यंत उशीर झाला होता. "सायबानू, मीच तेका काल सांगलंय, परत मोड म्हणान. बबनान हातोडो दिल्यान. पण माज्या झिलाचो हात उचलूक नाय. तुमका काय लिवचा ता माज्या नावान लिवा."

बबनने डोळे मिटले. परबांचा चेहरा पांढरा पडला. मी मनातल्या मनात माझी एजन्सी कंपनीला परत करून टाकली. गावड्यांच्या तोंडावर असं समाधान पसरलं की काय सांगू.

पेंडसे आईंकडे वळले. मग त्यांनी बॅग उघडली. "आजी, मी बुधवारीच बोरीवलीला जाऊन आलो. खोटा क्लेम लिहायच्या आधी जिथे पडले तिथे जाऊन यायचं, ही माझी पद्धत आहे. तिथे एक करसनभाई म्हणून आहेत. अर्धा तास ते तुमच्या मुलाला शिव्या देत होते. मोडकी गाडी दारातून उचलून नेली, माझ्या हाताला काय रोग झालाय का, म्हणाले. काय काय मोडलं होतं ते सगळं त्यांनी सांगितलं. एवढा चिडलेला माणूस तुमच्या बाजूने खोटं कशाला बोलेल?"

"मग आज कशाला आलात?" हे मी विचारलं, आणि जरा तोऱ्यातच.

"गाडी परत मोडलेली दिसते का ते बघायला," पेंडसे म्हणाले. "बरेच जण मोडून ठेवतात. मग मला काही करता येत नाही. खोटं ते खोटंच." ते परबांकडे वळले. "तुम्ही नाही मोडलीत. तुमचा अपघात खरा आहे. मी तसंच लिहून आणलंय."

परब मटकन फळीवर बसले. हुंदका आला तो त्यांनी खोकल्यावर ढकलला, पण कुणी फसलं नाही. माझेही डोळे भरले, आणि तेही पेंडश्यांच्या समोर, याचं मला अजून वाईट वाटतं.

आई तेवढ्या कोरड्या डोळ्यांनी उभ्या. त्या पेंडश्यांना म्हणाल्या, "काय लिवलास ता वाचा. मोठ्यान वाचा. वर ऐकाक गेला पायजे."

पेंडसे गोंधळले. माणूस सगळा जन्म बारीक आवाजात जगलेला. पण आई हलेनात. तेव्हा ते अंगणाच्या मध्ये आले, कागद समोर धरला, घसा साफ केला आणि इंग्रजी रिपोर्ट मराठीत करत, एवढ्या मोठ्याने वाचू लागले की तो आवाज त्यांचा आहे हे मला पटेना. "दत्ताराम परब यांच्या गाडीला झालेला अपघात खरा आहे. नुकसान खरं आहे. परब यांनी कंपनीपासून काहीही लपवलेलं नाही. क्लेम मंजूर करावा." गॅलरीत कुणी टाळी वाजवली. गावडे आत गेले. पेंडश्यांना आता वाचायचा जोर आला होता, त्यांनी पान उलटलं. "गाडी नेण्याचा टेम्पोचा खर्च मात्र नामंजूर. जवळचं गॅरेज रस्त्याच्या पलीकडे असताना गाडी बोरीवलीहून भांडुपला नेण्याचं कोणतंही समजण्यासारखं कारण आढळत नाही."

अख्खी चाळ हसली. बबनसुद्धा.

आईंनी पदर सारखा केला आणि पेंडश्यांना म्हणाल्या, "ह्या मात्र हळू वाचलात तरी चलला असता."